रिकामा खडा

माझी नणंद मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. तिच्याबद्दल लोक इतकं गोड बोलतात की ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. 'डोंगरावर एकटी राहते, किती धीराची बाई!' म्हणे. धीराची आहेच. पण तिच्याबरोबर दोन दिवस राहून दाखवा, मग धीर कुणाला लागतो ते कळेल.

वयानं ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तरी नवऱ्याची बहीण म्हणून मी तिला पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणते, 'अहो-जाहो' करते. आणि ती मला 'वहिनी' म्हणते खरी, पण पुढे लगेच 'अगं-तुगं' सुरू. सगळा संसार झाला, केस पिकले, यात फरक पडला नाही. इथे लिहिताना मात्र मी तिला 'ती'च म्हणणार आहे. कागदावर माझं कोण काय वाकडं करणार?

आमच्या डोंगरातून जो रस्ता जातो त्यावर एक तपासणी नाका आहे. लाल-पांढरा आडवा दांडा, शेजारी एक खोली, खोलीत टेबल, स्टोव्ह आणि खिळ्याला टांगलेला किल्ल्यांचा जुडगा. त्या दांड्याशी वन्संनं सगळी नोकरी काढली. बाकीचे लोक रात्रपाळी टाळायचे, ही मागून घ्यायची. गाडी वळणावर दिसली की खोलीतून बाहेर यायच्या आधीच ओरडायची, "दिवे बंद!" ड्रायव्हरनं दिवे मालवल्याशिवाय दांडा वर जायचा नाही. कागद बघायला हातात एक मिणमिणती बॅटरी, तिच्या काचेवर लाल कापड बांधलेलं. ड्रायव्हर लोकांनी तिचं नावच 'दिवेबंद' पाडलं होतं. एक ट्रकवाला मला म्हणाला होता, "ताई, तुमच्या दिवेबंदबाईमुळे मी घरी बटण दाबतानासुद्धा आधी मागं बघतो."

हे सगळं कशासाठी, तर आकाश खराब होऊ नये म्हणून. नाक्याच्या वर, चढ संपतो तिथे, माझ्या सासऱ्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्याच्या मागे सपाट माळ. आसपास कुठेही दिवा नाही. माझा नवरा आणि त्याची ही बहीण लहानपणापासून त्या माळावर पडून तुटते तारे मोजायचे. उन्हाळ्यात एक मोठा उल्कावर्षाव येतो, दरवर्षी ठरलेल्या दिवसांत. तेव्हा शहरातल्या आकाशनिरीक्षण मंडळाचे लोकही गाद्या-चादरी घेऊन यायचे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, वर्षभर मान खाली घालून. तेवढ्या चार-पाच रात्री तो मान वर करायचा.

त्याची पद्धत साधी होती. डोळे आकाशावरून हलवायचे नाहीत, म्हणून लिहायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, बोलायचं नाही. उजव्या हाताशी खड्यांची पिशवी, डाव्या हाताशी पत्र्याचा डबा. उल्का दिसली की एक खडा डब्यात. जोडीनं शेजारी शेजारी पडायचं आणि आकाशाच्या एकाच तुकड्याकडे बघायचं, म्हणजे एकाच्या नजरेतून सुटलेली दुसऱ्याला सापडते. सगळ्यात वरचा नियम असा, की आपण स्वतः पाहिली तिचाच खडा टाकायचा. शेजाऱ्यानं टाकला म्हणून आपण टाकायचा नाही. एकमेकांचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून तो प्रत्येक डब्याच्या तळाशी फडकं घालून द्यायचा. सकाळी खडे मोजून आकडे मंडळाला कळवायचे, की झालं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला तिथे नेलं. रात्री पाणी प्यायला उठले तर चप्पल सापडेना. मी टॉर्च लावला. क्षणात अंधारातून नाक्यावरचा तो आवाज आला, "दिवे बंद!" माझ्या हातून टॉर्च पडला, तो नेमका पेटता, लोकांच्या तोंडावर. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि एका टॉर्चनं तो सगळ्यांचा वाया जातो, हे मला काय माहीत? माळावरून नुसते उसासे ऐकू आले. नवरा गप्प. असल्या वेळी तो नेहमीच गप्प बसायचा, लोक त्याला सज्जनपणा म्हणायचे. सकाळी चहाच्या वेळी वन्संनं प्रत्येकाला धरून माझी ओळख करून दिली, "या आमच्या वहिनी. टॉर्चवाल्या." पुढच्या वर्षीही तीच ओळख, त्याच्या पुढच्या वर्षीही.

तोवर तारे पडले काय आणि राहिले काय, मला सोयरसुतक नव्हतं. पण त्या सकाळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी ठरवलं, हिच्याच माळावर, हिच्या नाकावर टिच्चून, हिच्यापेक्षा जास्त मोजून दाखवीन. मी शिवणकाम करते. पडदे, गणवेश, उसवलेलं, आखूड झालेलं. खोलीच्या त्या टोकाला लोंबणारा दोरा मला या टोकावरून दिसतो. काही उन्हाळ्यांतच माझा डबा तिच्याहून जड भरायला लागला. तेव्हा तिनं काय केलं? आपल्या डब्यातलं फडकं काढून टाकलं. आता तिचा खडा पडला की टण्ण आवाज व्हायचा, मला ऐकू जावा म्हणूनच. मग मीही माझं फडकं काढलं. नवरा आमच्या दोघींच्या मध्ये पडलेला असायचा. एका कानात एक डबा, दुसऱ्या कानात दुसरा. बिचाऱ्यानं काय मोजलं असेल देव जाणे.

तो एका हिवाळ्यात दुकानातच गेला, डोळ्याला भिंग लावलेलं असताना. मला वाटलं, संपलं एकदाचं ते डोंगराचं प्रकरण. उन्हाळा आला तसा वन्संनं माझ्या मुलाबरोबर निरोप धाडला, "आईला सांग, यंदा मी एकटी मोजेन. तिनं उगाच दमू नये." मी संध्याकाळच्या आत बॅग भरली. तेव्हापासून दर उन्हाळ्याला आम्ही दोघीच पडतो. मंडळाची माणसं थकली, काही गेली. आमच्या दोन सतरंज्यांमध्ये एका माणसाची जागा मोकळी असते. ती ठेवायची असं कुणी ठरवलं नव्हतं.

यंदा मुलानं गाडीतून नेलं. पोचलो तेव्हा भर दुपार होती. वन्सं दारात उभी. मी पायऱ्या चढून समोर गेले तर बाईसाहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या कानाच्या पलीकडे, फाटकाच्या खांबाकडे बघत म्हणाली, "आलीस? जाड झालीस."

न बघताच! पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचीही हिला लाज. असा अपमान तिनं गेल्या वर्षीही केला होता, पण यंदा अगदी मान वळवून. मी मनातल्या मनात तिला शेलक्या शब्दांत धुतलं आणि आत गेले.

घरात काहीतरी बदललं होतं. स्वयंपाकघराच्या दारापासून न्हाणीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी ताणून बांधलेली होती. "कपडे वाळत घालायला," वन्सं म्हणाली. दोरीवर एक फडकं नव्हतं. मिठाच्या बरणीला रबर गुंडाळलेलं, साखरेच्या बरणीला नाही. चहा ओतताना तिनं कपात चक्क बोट घातलं आणि बोटाला चटका बसल्यावर ओतणं थांबवलं.

"शी! वन्सं, अहो काय हे?"

"माझं बोट तुझ्या जिभेपेक्षा स्वच्छ आहे. पी गुपचूप."

मी भांडायच्या तयारीत होते. पण माझा मुलगा दोरीकडे बघत होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, बिघाड कुठे आहे ते त्याला हुडकायची सवय आहे. त्यानं कपाटावरची औषधाची बाटली उचलून तिच्या हातात दिली.

"आत्या, यावर काय लिहिलंय बघ ना."

"चष्मा सापडत नाहीये."

"डोक्यावर आहे."

वन्संनं चष्मा डोळ्यांवर घेतला. बाटली नाकाशी धरली, मग डावीकडे नेली, मग उजवीकडे. मग टेबलावर ठेवली. "बारीक छापतात हल्ली," ती म्हणाली. बाटलीवरची अक्षरं मला खुर्चीतून वाचता येत होती.

"आत्या," मुलगा म्हणाला, "तू आता आमच्याकडे राहायला चल. आईची शिवणाची खोली रिकामी करू. मशीन गॅलरीत बसतंय, मी माप घेतलंय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माप घेतलंय! मला न विचारता! ती खोली म्हणजे गल्लीकडे उघडणारी खिडकी, मशीन, कापायचं टेबल, गिऱ्हाइकांच्या पडद्यांच्या घड्या. त्या घरात ज्या दाराला मी आतून कडी लावू शकते असं ते एकच दार आहे. तिथे हिची पत्र्याची ट्रंक येणार. संध्याकाळी मी शिवणाचा दिवा लावला की हिचा आवाज येणार, "दिवे बंद!" मरेपर्यंत. ती, नाहीतर मी.

वन्संचे हात टेबलाची कड चाचपत होते. मग ती नाक्यावरचा नाही असा, बारीक आवाज काढून म्हणाली, "मला इथून नेलंस तर मी मरेन, असलं काही मी म्हणणार नाही. मी चांगली जगेन, आणि तुम्हा सगळ्यांना जीव नकोसा करून सोडीन."

"आत्या, तुला दिसत नाहीये."

"कोण म्हणतं? आज रात्री मोजू. माझा डबा तुझ्या आईच्या डब्याच्या निम्म्याहून हलका भरला, तर सकाळी ट्रंक बांधते. नाहीतर हा विषय पुन्हा माझ्या दारात काढायचा नाही. कबूल?"

मुलानं थोडा विचार केला आणि कबूल म्हणाला. मग मला बाजूला घेऊन दम दिला, "आई, नीट मोज. उगाच खुन्नस काढू नकोस. आत्या एकटी राहून कधीतरी चुकून पेटवून घेईल स्वतःला."

माझी अवस्था काय सांगू? हिला हरलेली बघावी हे माझं जुनं स्वप्न. आणि ती हरली की माझ्या घरात येणार. देवानं द्यायचं ते असं वाकड्या हातानं दिलं.

रात्री मुलगा आत जाऊन झोपला. आम्ही माळावर आलो. वन्सं माझ्या पुढे चालत होती, एकदाही न अडखळता, पण त्या वाटेवर ती झोपेतही चालली असती. सतरंज्या घातल्या, मध्ये जागा सोडली, डबे ठेवले. आकाश इतकं भरलेलं होतं की नुसतं बघून रागच कमी व्हावा. माझा झाला नाही.

पहिली उल्का गेली. मी खडा टाकला, टण्ण. पाठोपाठ पलीकडून टण्ण. दुसरी गेली. माझा आधी, तिचा नंतर. तिसरी, चौथी, तसंच. पूर्वी आमचे दोन आवाज एकमेकांवर आदळायचे. आता दर वेळी मधे एक श्वास जात होता. माझं आकाशावरचं लक्ष उडालं. मी कान देऊन ऐकू लागले. माझा, मग तिचा. माझा, मग तिचा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईला काही दिसत नव्हतं. ती माझ्या डब्यावर मोजत होती! माझ्या नवऱ्याचा नियम मोडून, त्याच्या माळावर, त्याच्या रिकाम्या जागेपलीकडून!

मग मी एक गोष्ट केली, आणि ती करताना मला मनापासून आनंद झाला. आकाशाच्या आमच्या तुकड्यात काहीही हललं नव्हतं. मी एक खडा उचलला आणि डब्यात टाकला. रिकामा खडा. टण्ण.

एक श्वास गेला. पलीकडून टण्ण.

सापडली! मी उठून बसले. तोंड उघडलं. इतकी वर्षं साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं, अगदी 'टॉर्चवाली'सकट. ओरडून मुलाला उठवायचं आणि सांगायचं, बघ तुझ्या आत्याचा खोटेपणा. आणि तेवढ्यात मला माझी खोली दिसली. मशीन गॅलरीत, पावसाची झड लागून गंजणारं. कापायच्या टेबलाच्या जागी खाट. खाटेवर ही.

मी तोंड मिटलं आणि पुन्हा आडवी झाले.

आता माझं कामच बदललं. हिला इथेच ठेवायचं तर हिचा डबा भरला पाहिजे, आणि तो भरायचा तर माझा खडा तिला नीट ऐकू गेला पाहिजे. मी खडे वरून सोडायला लागले, चांगले खणखणीत. टण्ण, टण्ण. मनात तिला शिव्या देत होते आणि हातानं तिला मोजून देत होते. कुणाला वाटेल ही माया. माया कसली? मला माझी कडी लावायची खोली हवी होती.

असं बराच वेळ चाललं. मधेच मी पायावरची शाल नीट करायला मान खाली घातली आणि पलीकडून टण्ण आवाज आला. तिचा, माझ्याआधी. मी दचकले. हिला दिसली आणि माझी सुटली? मला ते सहनच होईना. हातानं आपोआप एक खडा उचलला आणि टाकला.

"वहिनी," अंधारातून आवाज आला. मोजणीच्या वेळी बोलायचं नाही हा नियम, 'दिवे बंद' सोडलं तर, तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोडला. "तो मी रिकामा टाकला होता."

मी हातानं डबा झाकला.

"रिकामा होता. काही गेलं नव्हतं. तू काय पाहून टाकलास?"

माझे कान तापले. मी उलट हल्ला केला. "तुम्ही सुरुवात केलीत! मघाशी मी रिकामा टाकला तेव्हा तुम्ही कसा काय टाकलात?"

"मला माहीत होतं तो रिकामा आहे. म्हटलं, आपणही टाकू, ओरडतेस का बघू. उठून बसलीस, ओरडायला श्वास घेतलास, आणि परत आडवी झालीस. का गं?"

"तुम्ही माझ्या घरात यायला नको म्हणून."

"हां," ती म्हणाली. "मग ठीक आहे. मलाही तेच नकोय."

आमच्या उभ्या आयुष्यात एखाद्या गोष्टीवर आमचं एकमत झालं असेल तर ते हे. पण मला पटेना. "मी उठून बसले हे तुम्हाला कसं कळलं? आणि तुमचा खडा सारखा माझ्यामागून का पडत होता?"

"बोटं आखडलीत. खडा बोटांत सापडेपर्यंत तुझा पडलेला असतो." तिनं उसासा टाकला. "आणि डोळ्यांचं म्हणशील तर मधलं गेलंय. डॉक्टर म्हणाला, मधलं गेलं ते परत येणार नाही. जिथे रोखून बघावं तिथे एक डाग असतो. अक्षर नाही, सुईचं भोक नाही, माणसाचं तोंड नाही. कडेकडेनं मात्र सगळं दिसतं. तुझं तोंड दिसत नाही गं, बाकी आख्खं आकाश दिसतं. म्हातारपणी याहून जास्त काय मागावं?"

तेवढ्यात तिनं हात वर केला. मान माझ्या दिशेला वळलेली, आकाशाकडे पाठच म्हणा. "ती बघ. उजवीकडून येतेय, अगदी खालून. लांब चाललीय. हिरवट आहे."

मी मान फिरवली. एक उल्का क्षितिजालगत सरपटत येत होती, सावकाश, तिच्या मागे हिरवट रेघ लांबत गेलेली. ती माझ्या डोक्यावरून पार पलीकडे जाईपर्यंत मी बघत राहिले. साठी उलटून गेल्यावरही अशा उल्का मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पाहिल्या आहेत. दोघींचे खडे एकदम पडले.

"दादा असता तर त्यानं दोघींचे डबे ओतून दिले असते," वन्सं म्हणाली. "तुझे दोन खोटे, माझे दोन खोटे. काढ."

मी अंधारात डब्यात हात घालून दोन खडे काढून फेकले. तिनं तिचे काढले. नियम म्हणजे नियम.

मग मला भीती वाटली. सरळ सांगते, भीतीच वाटली. मी विचारलं, "गॅस कसा पेटवता?"

"हातानं चाचपून. दूधवाला सकाळी डोकावतो. खालच्या वळणावरची मास्तरीण संध्याकाळी येते, बडबड करते, जाते."

"आणि पेट घेतलात तर?"

"तर तुझी खोली वाचली."

"वन्सं, तुमच्या जिभेला काही हाड?"

"झोपू नकोस. मोज."

उजाडेपर्यंत आम्ही मोजत होतो. नंतर बोललो नाही.

सकाळी मुलानं दोन्ही डबे टेबलावर ओतले. मी तिकडे थांबले नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूच्या खिडकीला एक लांब पडदा होता, मीच कधीकाळी शिवून दिलेला, वारा आला की शेगडीपर्यंत उडणारा. मी बॅगेतून कात्री काढली आणि तो अर्ध्यावरून कापला. दुमड घालून कड शिवत होते तेव्हा वन्सं आली. तिनं हात लावून पाहिलं.

"माझा पडदा कापलास?"

"माझा होता. मी शिवला होता."

"विचारायची पद्धत असते."

"तुमच्याकडूनच शिकले."

मुलानं हाक मारली. मोजणी झाली होती. तिचा डबा निम्म्याहून हलका तर नव्हताच, उलट माझ्याहून जड होता. कसा नसेल? मी अर्धी रात्र तिच्यावर पाळत ठेवण्यात घालवली होती. मुलगा एकदा खड्यांकडे, एकदा आमच्याकडे बघत होता. त्याचा विश्वास बसत नव्हता. लिफ्टवाल्याला असा बिघाड आवडत नाही.

"आई, खरं सांग," तो म्हणाला. "तू रात्रभर शेजारी होतीस. आत्याला दिसतं का?"

वन्सं स्टुलावर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. तिनं एक खडा हातात घेतला होता आणि अंगठा त्याच्यावरून फिरत होता. तिनं मला काही सांगितलं नाही, वळूनही पाहिलं नाही. माझ्या एका शब्दावर तिचं घर, तिचा माळ, तिचं आकाश अवलंबून होतं, आणि हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. इतकी वर्षं मी अशाच एखाद्या क्षणाची वाट बघत होते.

"माझ्यापेक्षा जास्त दिसतं," मी म्हणाले. "तू खडे मोजलेस ना? आणि माझं मशीन जिथे आहे तिथेच राहील. पुन्हा माझ्या खोलीत टेप घेऊन शिरलास तर बघ."

अंगठा थांबला. मुलानं खांदे उडवले आणि सामान गाडीत ठेवायला गेला.

निघताना ती दारात आली. कालच्याच जागी उभी राहिली. आभार मानायची तिला सवय नाही आणि ऐकायची मला नाही. मी पायऱ्या उतरून गाडीपाशी आले आणि मागे वळून पाहिलं, तर बाईनं मान पार फिरवली होती. माझ्याकडे नाही, फाटकाच्या खांबाकडे तोंड करून ती उभी होती, हलत नव्हती.

कालपर्यंत मी याला अपमान समजत होते. आता मला ठाऊक होतं. समोर बघितलं असतं तर माझ्या जागी तिला डाग दिसला असता. मान फिरवली होती म्हणजे ती मला बघत होती.

"आई, बस ना," मुलगा म्हणाला. "काय राहिलं का?"

"थांब जरा," मी म्हणाले. चपलेचा पट्टा नीट होता, तरी मी तो पुन्हा लावला. मग सरळ उभी राहिले, तिचं बघून होईपर्यंत.